कानाच्या मुळाशी

चाकाय सेकोच्या माळावर काल्फिनांची मेंढी लांबूनच ओळखू यायची. उजव्या कानाचं टोक दुभंगलेलं आणि डाव्या कानाला तिरका काप, ही त्या घराची कानखूण. म्हातारा होता तोवर ती म्हाताऱ्याच्या नावावर सरकारात चढलेली होती. तो गेल्यावर थोरल्या मुलाच्या, बेलिसारिओच्या नावावर झाली. धाकटी सुनिल्दा. तिच्या नावावर काहीच नव्हतं, पण तिच्या मेंढरांना डाव्या कानाच्या अगदी मुळाशी, लोकरीत बुडालेलं, एक बारीक भोक असायचं.

पहिलं भोक बापानंच पाडलं होतं, चामडं शिवायच्या आरीनं. सुनिल्दा तेव्हा दारातल्या पिंपाएवढी होती. "ही कोकरी सुनीची," म्हातारा म्हणाला, आणि बायकोनं विचारलं, "मग तिला वेगळी खूण नको का काढायला?" तर म्हणाला, "एका घरात दोन खुणा कशाला? खेटे घालून जीव जायचा. घरच्या घरात कळलं म्हणजे झालं."

घरच्या घरात कळत होतंच. त्या एका कोकरीची पुढं किती झाली, ते सुनिल्दालाच ठाऊक. लग्न तिनं केलं नाही. दोघे विचारायला आले होते. एक फार बोलायचा आणि दुसरा बोलायचाच नाही. मग आईबापाचं म्हातारपण तिच्याकडं आलं, ते निस्तरता निस्तरता तिचंही केस पिकायचं वय झालं. बेलिसारिओचा गुडघा गेला, तेव्हा तो बायकोला, नेलिदाला, घेऊन खाली गावात राहायला गेला. त्यांची पोरगी शहरात नर्सिंग शिकत होती. त्याची मेंढरंही वर सुनिल्दापाशीच राहिली. कातरणी झाली की सगळी लोकर एकाच नावानं विकली जायची आणि बेलिसारिओ तिचा वाटा घेऊन स्वतः वर यायचा, सोबत माते नावाच्या कडू चहाच्या पाल्याचा पुडा आणि एखादा रुमाल. त्या वाट्यात कधी खोट निघाली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कोणी म्हणेल, बाई मुळातच खुळी होती. बाई खुळी नव्हती. तिला भाऊ होता, इतकंच.

त्या वर्षी थंडी नुकतीच पडायला लागली होती आणि डोंगरापलीकडे, चिलीच्या बाजूला, ज्वालामुखी फुटला. इकडं भर दुपारी अंधारून आलं. सुनिल्दाला वाटलं, बर्फ लवकर आलं. दारात जाऊन तिनं तळहात पसरला, तर पडलेलं वितळेना. चिमटीत चोळून पाहिलं, तर काच कुटल्यासारखं खरखरलं. कुत्रा शिंकत शिंकत पलंगाखाली गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आला.

राख पडायची थांबली तरी संपली नाही. वारा सुटला की खालची वर आणि वरची खाली. लोकरीत राख बसून मेंढी इतकी जड व्हायची की एकदा बसली की तिला उठवेना. जे काही खुरटं गवत उरलं होतं त्याबरोबर राख चावून चावून दात हिरड्यांना टेकले. डोळे चिकटले. सुनिल्दा मातेच्या गार पाण्यानं एकेकीचे डोळे पुसायची, काठीनं लोकर झटकायची, पोटाखाली खांदा घालून उभी करायची. एक उभी राहीतो पलीकडची बसलेली. फारच अशक्त होत्या त्या तिनं घरात घेतल्या. चुलीपुढं मेंढ्या आणि मालकीण बाहेर मेंढ्यांच्या वाडग्यात, अशी तऱ्हा. वर बर्फ आलं आणि उरलंसुरलं झाकलं गेलं. मेलेल्या ती घोडीला बांधून ओढत घळीपर्यंत न्यायची आणि तिथंच सोडून द्यायची. सुरुवातीला सोलत होती. मग हातात सोलायचं बळ राहिलं नाही.

वर माळावर टपाल येत नाही. कोणाला निरोप द्यायचा तर गावातल्या रेडिओवर चिठ्ठी टाकायची, ती दुपारी वाचून दाखवतात आणि मग ती सगळ्या माळाला कळते. एक दिवस रेडिओवरची बाई वाचत होती: "सुनिल्दा काल्फिन यांना कळवण्यात येतं, भाऊ शनिवारी येत आहे. घोडी नाक्यापर्यंत आणून ठेवावी. गुडघा वाईट आहे."

सुनिल्दानं घोडी नेली. बेलिसारिओ कोणाच्यातरी ट्रकमधून उतरला आणि तिला बघून थबकलाच.

"अगं सुने, केवढी वाळलीस!"

"वाळले नाही. राख झटकली, म्हणून एवढीच दिसते. गुडघा काय म्हणतो?"

"म्हणतो, मी गावातच थांबतो, तू एकटा जा."

घरी आल्यावर तिनं चरबीत रोट्या तळल्या. बेलिसारिओनं वाडग्यात एक चक्कर मारली आणि परत येऊन चुलीपाशी बसला. डोळे पुसले त्यानं. ते खोटं नव्हतं, असं सुनिल्दा अजूनही म्हणते.

"सरकार पैसे देणार आहे," तो म्हणाला. "मेलेल्या प्रत्येक जनावरामागं. त्यातून नव्या माद्या घ्यायच्या. शाळेत मोजणी आहे. पुरावा म्हणून कान मागितलेत."

सुनिल्दानं रोटी तव्यातच ठेवून वळून पाहिलं. तिच्या दर तीन मेंढ्यांतली एक उरली होती. एवढ्याशा कळपावर पुढचा हिवाळा काढता येत नाही हे तिला कळत होतं. कळप नसला की माणूस गावात जातो, कोणाच्या तरी घरी भांडी घासतो. ती रात्रंदिवस हेच डोक्यात घेऊन फिरत होती.

"माद्या मिळाल्या तर मी निभावून नेईन," ती म्हणाली. "थोड्या दिल्या तरी."

"मिळतील. फक्त कान नीट काप. मुळापासून नको. दोन बोटं वर धर."

"ते का?"

"मुळाशी मांस असतं, ते नासतं. वास मारतो. शहरातली माणसं ती, नाक दाबून तुझी कानांची माळ बाहेर फेकतील."

"अरे पण दादा, मुळाशी माझं भोक असतं."

"त्यांच्या कागदात भोक कुठंय, सुने? खूण टोकाला, टोक दिसलं की झालं. एकाच नावावर जाऊ दे, लवकर निघेल. मग आपलं आपण वाटून घेऊ. लोकरीचं करतो तसं."

लोकरीचं करत होते. त्यामुळं पुढं विचारण्यासारखं काही उरलं नाही.

माळावर मेलेल्या मेंढीचे कान कापायची एक रीत आहे. दोन्ही कान टाळूच्या कातड्याच्या पट्टीसकट एकत्र काढायचे, म्हणजे जोडी सुटत नाही आणि एकीच्या दोन करून कोणी दाखवत नाही. सुनिल्दा सुरी घेऊन घळीत उतरली. मेंढ्या गोठून दगड झाल्या होत्या. तिनं आयुष्यात पहिल्यांदा कान सुटे कापले, दोन बोटं वरून. एकेकीला ओळखत होती ती. ही एप्रनची नाडी चघळणारी. ही दर वर्षी जुळी देणारी आणि एकाला विसरून जाणारी. ही तर बापाच्या पहिल्या कोकरीच्या वंशातली. सुरी धरलेला हात बधिर व्हायचा, मग ती तो काखेत घालून उभी राहायची.

कान तारेत ओवून झाले, पोत्यात भरले. "मी पण येते मोजणीला," ती म्हणाली.

"एवढ्या थंडीत कशाला? जिवंत आहेत त्यांच्याकडं बघ," बेलिसारिओ म्हणाला आणि पोतं घोडीवर टाकलं.

मग वाट बघणं सुरू झालं. दुपारी रेडिओची वेळ झाली की ती हातातलं काम टाकून चुलीपाशी येऊन बसायची. अधूनमधून तिचं नाव यायचं. "सुनिल्दा काल्फिन यांना कळवण्यात येतं, त्या कामाचं अजून काही नाही. भाऊ." बर्फ वितळलं, ओढ्याला राखट पाणी आलं, उरलेल्या मेंढ्या व्यायला लागल्या. "सुनिल्दा काल्फिन यांना कळवण्यात येतं, सरकारचं काम, वेळ लागतो. भाऊ."

मध्ये एकदा सरकारी ट्रक आला तो थेट दारापर्यंत. ड्रायव्हरनं एक खोकं उतरवलं. पीठ, तेल, साखर, मातेचा पाला, शेवया. खोक्यावर तिचं नाव लिहिलेलं होतं. तेवढं तिला वाचता यायचं.

"सरकारला माझं नाव कसं ठाऊक?" ती ड्रायव्हरला म्हणाली.

"सरकारला सगळं ठाऊक असतं, आजी."

तिनं त्याच खोक्यातल्या पिठाच्या रोट्या तळून त्याला खाऊ घातल्या आणि चार बांधून दिल्या. त्या दिवशी ती फार खूश होती. निदान सुरुवात झाली, असं तिला वाटलं.

जंताचं औषध संपलं म्हणून ती घोडीवर बसून गावात गेली. दुकानापाशी ओर्फेलिना भेटली. ही खालच्या पाणवठ्याची, तोंडानं सैल आणि मनानं मोकळी. तिच्या नव्या माद्या कालच उतरल्या होत्या आणि ती भेटेल त्याला सांगत होती की सरकारनं दिलेल्या पैशात लंगड्याच मिळाल्या, पण फुकटच्या लंगड्यांना नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

"तुझ्या कधी येतात गं सुनिल्दा?"

"पैसे आले की."

"आले की म्हणजे? कधीच आले की. बेलिसारिओ तर आमच्या पुढं रांगेत होता. मग ती गाडी काय आभाळातून पडली?"

"कुठली गाडी?"

ओर्फेलिनानं तोंड मिटलं, जे तिला फारसं जमत नसे. मग सुनिल्दाच्या दंडाला धरून तिला दुकानाच्या आडोशाला नेलं.

"मला एक सांग. तुमचे कान तसे आखूड का होते? मोजणीला सगळे बघत होते. कोणीतरी म्हणालं पण, काल्फिनांनी कानाला पण काटकसर केलीय."

"वास मारतो म्हणून."

"वास? अगं, सगळ्या शाळेतच मेलेल्याचा वास होता. तुमच्या दोन बोटांनी काय कमी होणार होता?"

सुनिल्दा तशीच शाळेकडं वळली. औषध घ्यायचंही राहून गेलं. शाळेच्या एका खोलीत दर गुरुवारी सरकारची इंजिनियरबाई बसायची, आणि तो गुरुवार होता. पोरगीच होती, सर्दीनं नाक लाल झालेलं. कागद उलटून म्हणाली, "सुनिल्दा काल्फिन. हो, आहात की तुम्ही. राखणदार. बेलिसारिओ काल्फिन यांच्याकडं कामाला. राखणदारांना खोकं दिलंय, पीठ, तेल. मिळालं ना?"

"मिळालं," सुनिल्दा म्हणाली.

"मग काय अडचण आहे, आजी?"

 खोक्यातलं पीठ सुनिल्दानं संपवलं होतं. साखर तेवढी राहिली होती.

"मी राखणदार नाही. मेल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्या होत्या."

"खूण?"

"डाव्या कानाच्या मुळाशी भोक."

पोरीनं हातातली लेखणी खाली ठेवली. "मोजून झाल्यावर कान जाळले आम्ही. पण हे मला आठवतात. त्यांना मुळंच नव्हती. कोणी कापले होते?"

"मी."

"तुम्हीच?"

"मीच. माझ्या हातानं."

बाई वाईट नव्हती. सुनिल्दाला तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, मला पटतंय तुमचं, पण खूण एक तर मालक एक, मला दुसरं काही लिहिता येत नाही. तुमच्या भावानं येऊन सही केली, की यातल्या एवढ्या बहिणीच्या, तर मी आजही बदलते. पुढच्या गुरुवारपर्यंत. नंतर ही खोली बंद.

बेलिसारिओच्या दारात मागं उघडा हौदा असलेली निळी गाडी उभी होती. नवी नव्हती, पण गावात तेवढीसुद्धा दुसरी नव्हती. नेलिदानं सुनिल्दाला बघितलं आणि किटलीखाली जाळ वाढवला. मातेचा पेला भरून पुढं केला, पण नजर पेल्यावरच ठेवली.

"वहिनी, तोंड वर कर. मी चावत नाही."

"तू कशाला चावशील," नेलिदा म्हणाली आणि उगीचच फडकं शोधायला आत गेली.

तिनं पैशाचं विचारलं, तेव्हा बेलिसारिओनं नाही म्हटलं नाही. खोटंही बोलला नाही. तसा माणूस तो नव्हताच. म्हणाला, "मी सांगणारच होतो. गुडघ्यानं घोड्यावर बसवत नाही, सुने. गाडी नसती तर मी वर कसा येणार होतो तुझ्याकडं? आणि पोरीचं शेवटचं वर्ष. खोलीचं भाडं थकलं होतं. परक्याला दिलं का मी?"

"मला राखणदार लावलंस."

"अगं, काहीतरी लिहायलाच लागतं. ती विचारते, वर कोण असतं? मी म्हटलं, बहीण बघते. तिनं लिहिलं राखणदार. उलट त्यामुळं तुला खोकं तरी मिळालं. नाहीतर तेवढंही मिळालं नसतं."

सुनिल्दाला हसूच आलं. मोठ्यानं हसली ती. नेलिदा आतून डोकावून गेली.

"सही कर, दादा. तिनं गुरुवारपर्यंत मुदत दिलीय. गाडी राहू दे तुला. निम्म्याचं राहू दे. मला थोड्या माद्यांपुरतं कर."

"आता सही केली तर म्हणतील, पहिल्यांदा खोटं सांगितलं. दिलेलं परत मागतील. कुठून आणू?" त्यानं मांडीवरच्या टोपीचे धागे उपटायला घेतले. "आणि तुझ्यामागं आहे तरी कोण, सुने? तुझं ते शेवटी आमच्याच पोरीचं. मग आज काय आणि उद्या काय."

"मी अजून मेले नाही."

"तसं नाही म्हणत मी."

"बरं, मग एवढंच सांग. दोन बोटं वर काप म्हणालास, तेव्हाच तुझ्या मनात हे होतं का?"

बेलिसारिओनं पेल्यात बघितलं. पेला केव्हाच रिकामा झाला होता.

"वास मारतो ना गं मुळाशी," तो म्हणाला.

परत जाताना सुनिल्दा घरी न जाता घळीत गेली. मुळं तिथंच राहिली होती ना, म्हणून. कोल्ह्यांनी आणि गिधाडांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. राख वितळलेल्या बर्फाबरोबर वाहून येऊन सगळ्यावर साचली होती आणि तिच्यातून कवट्या वर आल्या होत्या, गुळगुळीत. ती काठीनं बराच वेळ उकरत राहिली. कुठं एवढंसं कातडं राहिलं असेल, भोकाचं. मग तिला आपलंच नवल वाटलं आणि ती घोडीवर बसली.

गुरुवारी तिनं सकाळपासून रेडिओ चालू ठेवला. बॅटरी जाईल याचीही पर्वा केली नाही. त्याला सही करून कळवायचं तर यातूनच कळवेल, असं तिनं धरलं होतं. लोकरीचा भाव सांगितला. कोणाला तरी मुलगा झाला. कोणाची तरी करडी घोडी हरवली होती, सापडल्यास अमक्याला कळवावं. सुनिल्दा काल्फिनचं नाव आलं नाही.

ते आलं पुढच्या आठवड्यात. "सुनिल्दा काल्फिन यांना कळवण्यात येतं, रविवारी कान कातरायला येत आहोत. मांस भाजायला घालावं. भाऊ."

कोकरांचे कान कातरायचा दिवस म्हणजे माळावरचा सण. खूण ज्याच्या नावावर त्यानं सुरी चालवायची, घरातल्यांनी कोकरं धरायची, मग दिवसभर खाणंपिणं. निळी गाडी धूळ उडवत आली. नेलिदानं कोशिंबिरीचं भांडं मांडीवर धरलं होतं आणि बेलिसारिओनं मागं वाइनची बुधली ठेवली होती. उतरल्या उतरल्या त्यानं हवेचा वास घेतला.

"विस्तव कुठंय?"

"विस्तव नाही आज," सुनिल्दा म्हणाली. ती वाडग्याच्या फाटकाला टेकून उभी होती. "मेंढ्या वेगळ्या करायच्यात. तुझ्या तू घेऊन जा."

"कुठं घेऊन जाऊ?"

"ते मालकानं बघायचं. राखणदारानं चाकरी सोडली."

बेलिसारिओ हसला. ती हसेना, तेव्हा थांबला.

"सुने, वेड्यासारखं करू नको. मी गावात राहतो, मेंढ्या काय पलंगाखाली बांधू? आणि वेगळ्या करणार कशा? सगळ्यांची खूण एकच."

"एकच ना? मग तुझ्या तू ओळख."

तो चिडला. चिडला की तो तरण्या माणसासारखा चालायचा, गुडघ्याला विसरून. वाडग्यात शिरून त्यानं समोर आली ती मेंढी पकडली, मांडीत दाबली, डावा कान हातात घेतला. बोटं लोकरीतून सरळ मुळाशी गेली. आयुष्यभराची सवय ती.

"ही तुझी," तो म्हणाला आणि तिला सोडलं.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं आपण काय म्हणालो ते. हात तसाच हवेत राहिला. फाटकाबाहेर नेलिदा भांडं घेऊन उभी होती, तिनं डोंगराकडं तोंड फिरवलं.

"हं," सुनिल्दा म्हणाली. "पुढची."

दुपार कलेपर्यंत तेच चाललं. एकेक मेंढी, एकेक कान. ही तुझी. ही माझी. त्याचा आवाज उतरत गेला, पण एकदाही चुकला नाही. ती फाटक उघडत होती आणि लावत होती. शेवटी त्यानं कमरेची सुरी काढली.

"निदान कोकरांचे कान तरी कातरू दे. एवढा आलोय तर."

"तुझ्यांचे कातर. माझी राहू देत तशीच."

"बिनकापल्या कानाचं जनावर, सुने, ज्याच्या हाती लागेल त्याचं."

"आणि कापलेल्या कानाचं?"

त्यानं सुरी परत म्यानात घातली.

गाडीत सगळ्या मावेनात. थोड्या दाटीवाटीनं चढवल्या, दोरीनं बांधल्या. बाकीच्या वेगळ्या वाडग्यात उभ्या राहून ओरडत होत्या. बेलिसारिओनं टोपी काढून कपाळ पुसलं.

"ह्या पुढच्या रविवारपर्यंत राहू देत. मोठा ट्रक घेऊन येतो."

"राहू देत की," सुनिल्दा म्हणाली. "राखायचे पैसे, राखोळी, तेवढी ठरव फक्त."

हे बोलली ती त्याला झोंबावं म्हणूनच. आता तो भडकेल, म्हणेल, तोंड आवर, बहिणीला कोणी राखोळी देतं का. मग ती पण बोलेल, सगळं बोलेल, नेलिदासमोर, मेंढ्यांसमोर. मग दोघं रडतील बापाच्या नावानं, आणि मग काय होईल ते होवो. एवढं सगळं तिनं त्या एका वाक्यात घातलं होतं, आणि ती वाट बघत उभी राहिली.

बेलिसारिओच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र सैल झाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला तिचं म्हणणं नीट समजल्यासारखं दिसलं. त्यानं खिशात हात घातला.

"किती देऊ?"

सुनिल्दा त्याच्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं आकडा सांगितला, परक्या माणसाला सांगतात तो. गाडीतून नेलिदा म्हणाली, "जरा जास्तच होतात." बेलिसारिओ म्हणाला, "असू दे, असू दे," आणि नोटा तिच्या हातात ठेवल्या.

तिनं त्या एप्रनच्या खिशात घातल्या आणि त्याच्या मेंढ्यांना पाणी पाजायला वळली. पाठीमागं गाडी सुरू झाली. दर खेपेला ती नाक्यापर्यंत जायची त्याला पोचवायला. आज गेली नाही. राखणदाराचं ते काम नव्हतं.